ऐकणाऱ्याचे शब्द आणि सांगणाऱ्याचे सत्य

एखादी गोष्ट खरी आहे आणि हिताची आहे, अशी आपली खात्री असते. परंतु समोरचा मनुष्य ती आपल्या शब्दांत ऐकून घेण्यास तयार नसतो. मग तीच गोष्ट त्याला रुचेल अशा शब्दांत सांगावी काय? तसे सांगणे हे शहाणपण म्हणावे, की लबाडी? वाचकहो, हा प्रश्न फार जुना आहे. तो उपदेशकाला पडतो, वकिलाला पडतो, आजारी मुलाला कडू औषध पाजणाऱ्या आईलाही पडतो. आज तो एका नव्या विषयाच्या निमित्ताने आपल्यापुढे उभा आहे. सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज हा तो विषय होय.

कोळसा, तेल व वायू जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढत आहे, आणि त्याची झळ गरिबांना प्रथम बसते, हे शास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत. परंतु काही देशांत असे घडले की, हवामानबदल हा शब्द कानी पडताच परंपरानिष्ठ व उजव्या विचारांचे लोक कान मिटून घेऊ लागले. कारण तो शब्द त्यांना विरोधी पक्षाची घोषणा वाटू लागला. तेव्हा जाणत्यांनी सल्ला दिला की, अशा लोकांशी तापमानाबद्दल बोलूच नका. काटकसर, स्वावलंबन, देशाचे स्वातंत्र्य, घरधन्याचा हक्क यांबद्दल बोला.

हा सल्ला पोकळ नाही. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांपुढे दोन प्रकारचे दिवे ठेवले होते, एक साधा आणि दुसरा महाग परंतु वीज वाचविणारा. बचत किती होईल हे सर्वांना सांगितलेले होते. महागड्या दिव्यावर पर्यावरणरक्षणाची चिठ्ठी चिकटविली तेव्हा परंपरावादी लोकांनी तो कमी प्रमाणात उचलला. चिठ्ठी काढली तेव्हा तो फरक दिसेनासा झाला. म्हणजे त्या चिठ्ठीवरील वाक्य खोटे नव्हते, तरी त्याने गिऱ्हाईक परत पाठविले. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात डेबी डूली या कट्टर उजव्या चळवळीतील बाईंनी पर्यावरणवाद्यांशी हातमिळवणी केली. आपल्या छपरावर वीज निर्माण करणे हा घरमालकाचा हक्क आहे, वीज कंपनीच्या मक्तेदारीने तो हिरावून घेऊ नये, असे त्या सांगत राहिल्या. तेथील नियामक आयोगावर सारे सभासद रिपब्लिकन पक्षाचे होते. त्या आयोगाने वीज कंपनीला ५२५ मेगावॅट सौर वीज वाढविण्यास लावले.

फळ मिळाले, हे खरे. परंतु फळ मिळाले एवढ्यावरून मार्ग सरळ होता असे ठरत नाही. ख्रिस्ती मनुष्याने फळापूर्वी मार्गाची चौकशी करावयाची असते. ती चौकशी आपण अमेरिकेत न करता आपल्याच देशातील एका जुन्या गावी करू या.

तमिळनाडूमधील कुंभकोणम हे ते गाव. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. तंजावरावर १८५५ पर्यंत मराठी राजघराणे होते, आणि त्या काळात गेलेली मराठी कुटुंबे त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार, मधोमध देवळांचे हे गाव. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वणीला तेथील तलावावर लाखोंची गर्दी लोटते. मागची पर्वणी २०१६ मध्ये झाली. शेजारच्या स्वामीमलै येथे आजही मेणाचा साचा करून पंचधातूच्या मूर्ती ओततात. जुने जपावे, बापजाद्यांनी जसे केले तसे करावे, ही वृत्ती तेथे अंगणातल्या रांगोळीपर्यंत दिसते. स्थितिप्रिय, परंपरानिष्ठ समाज म्हणतात तो असा.

आता या समाजाला सूर्याची थोरवी पटवून देण्याची गरज आहे काय? गावातील नागेश्वराच्या देवळाची बांधणी अशी आहे की, चित्तिरै महिन्यात काही दिवस सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. काही मैलांवर सूर्यनार कोविल हे सूर्याचेच देऊळ आहे. पोंगलच्या दिवशी घरोघरी नव्या तांदळाचा पहिला वाटा सूर्यासाठी काढला जातो. येथे सौर वीज कोणत्याही पक्षाचे निशाण नाही. तेव्हा अमेरिकेतील अडचण येथे नाही, आणि म्हणून तेथील औषधही येथे जसेच्या तसे चालणार नाही. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलू इच्छिणाऱ्याने हा पहिला धडा घ्यावा. समोरचा परंपरावादी आहे एवढे कळले म्हणजे तो कळला असे नाही. त्याला कशाची भीती आहे, कशाचा अभिमान आहे, हे त्याच्या उंबरठ्यावर बसूनच समजते.

मग कुंभकोणमच्या घरधन्याला अडते कोठे? एक तर हिशेबात. तमिळनाडूत शेतीच्या पंपाला १९९० पासून वीज फुकट आहे, आणि २०१६ पासून प्रत्येक घराला दोन महिन्यांस १०० युनिट फुकट मिळतात. ज्याचे बिलच थोडे, तो छपरावर पैसे कशाला घालील? दुसरे म्हणजे त्याच्या सावधगिरीत. नवी वस्तू शेजाऱ्याने दहा वर्षे वापरून पाहावी, मग आपण घ्यावी, हा जुन्या गावांचा शिरस्ता असतो, आणि तो सर्वस्वी मूर्खपणाचा नाही. तेव्हा त्याला मागासलेला म्हणून हिणविणे हे असत्यही आहे आणि अन्यायाचेही.

याच कावेरीच्या खोऱ्यातील परंपरानिष्ठ माणसे दुसऱ्या एका प्रसंगी कशी उठून उभी राहिली, हेही पाहा. भातशेतीखालून मिथेन वायू काढण्याची योजना आली, तेव्हा सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळ्वार गावोगाव हिंडले, आणि २०१३ च्या डिसेंबरात त्याच मोहिमेवर असताना त्यांचे देहावसान झाले. ३० जून २०१७ रोजी कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावरील कदिरामंगलम येथे ओएनजीसीच्या नळातून तेल गळून शेतात पसरले, आणि सारे गाव रस्त्यावर आले. या लोकांनी आपल्या लढ्याचा पाया हवामानाच्या आकडेवारीवर घातला नव्हता. कावेरी, माती, तांदूळ आणि पूर्वजांची जमीन हे त्यांचे शब्द होते. अखेरीस फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याने खोऱ्यासाठी संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला व नव्या तेल-वायू प्रकल्पांना तेथे बंदी घातली. अर्थात आधीपासून चालू असलेल्यांना हात लावला नाही. एप्रिल २०२३ मध्ये खोऱ्यातील व लगतचे मिळून तीन कोळसा-लिग्नाइटचे पट्टे केंद्र सरकारने लिलावातून वगळले.

हे पाहून कोणी म्हणेल, झाले तर मग! लोकांशी त्यांच्या मातीच्या भाषेत बोला, की सर्व साधते. परंतु वाचकहो, येथेच थांबून विचार करणे अगत्याचे आहे. कावेरीचे शेत वाचले, याचा आनंद मानू या. पण राज्यातील विजेचा मोठा भाग आजही कोळसा व लिग्नाइट जाळूनच येतो, आणि नेयवेलीची लिग्नाइटची खाण शेजारच्या कडलूर जिल्ह्यात आहे. २०२३ च्या जुलैत त्या खाणीच्या कामासाठी वळयमादेवी येथील उभ्या भातपिकात यंत्रे घातली गेली. तीही मातीच होती, तेही पूर्वजांचेच शेत होते. आपल्या मातीवरील प्रेम आपल्या बांधापाशी संपते, हा त्या भाषेचा दोष आहे. माझे शेत वाचावे असे शब्द मी मोठ्याने बोलतो, आणि माझा दिवा दुसऱ्याच्या शेतावर जळतो, हे त्या शब्दांत कोठेच येत नाही. माझा शेजारी कोण, हा शास्त्र्याने प्रभूला विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बांधाच्या पलीकडे नेणारे आहे.

आता दुसरी बाजू घ्या. सूर्याला मानणाऱ्या समाजाशी सूर्याच्या नावाने बोलावे काय? हे प्रत्यक्ष घडलेही आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील सोहळ्याहून परतताच पंतप्रधानांनी एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसविण्याची योजना जाहीर केली, आणि ती जाहीर करताना सूर्यवंशी रामाच्या प्रकाशाचा उल्लेख केला. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेतील मोढेरा हे प्राचीन सूर्यमंदिराचे गाव सौर ऊर्जेचे गाव म्हणून घोषित झाले होते. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांनी त्या श्रद्धेच्या शब्दांत बोलावे, यात दोष काढण्याचे आपल्याला कारण नाही. प्रश्न आपला आहे. समजा, कुंभकोणममधील एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाला आपल्या शेजाऱ्यास सौर वीज घ्या असे सांगावयाचे आहे. त्याने सूर्यदेवाची कृपा असे म्हणावे काय? तो तर सूर्याला देव मानीत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे ती देवाने निर्माण केलेली मोठी ज्योती आहे, असे मानतो.

असा पेच आपल्या पूर्वजांनाही पडला होता. १६०६ साली मदुरेस आलेल्या रोबेर्तो दे नोबिली यांनी संन्याशाची वस्त्रे व राहणी पत्करली. त्यावरून मिशनमध्ये मोठा वाद झाला आणि १६२३ मध्ये पोपने त्यांना बऱ्याच अंशी अनुकूल निर्णय दिला. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेही ओवी छंदात. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणावर भजने रचली. या तिघांनीही ऐकणाऱ्याचे रूप घेतले, नाद घेतला, शब्द घेतले. परंतु स्टीफन्सच्या ओवीतला ख्रिस्त दुसराच कोणी झाला नाही. भांडे गावचे होते, आतले पाणी बदलले नव्हते.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. शेजाऱ्याला असे म्हणता येईल की, आपल्या घरी सूर्याला एवढा मान आहे, तर त्याच्या प्रकाशाचा उपयोग करणे आपल्या रीतीला धरूनच होईल. यात मी त्याच्या श्रद्धेचा आदर करतो व ती त्याची म्हणूनच तिचा उल्लेख करतो. परंतु माझी नसलेली श्रद्धा माझी असल्यासारखी दाखविली, तर तो अभिनय झाला, आणि अभिनयाने मिळविलेला होकार हा शेजाऱ्याचा अपमान आहे. शिवाय आपल्यापाशी आपले शब्द नाहीत असे थोडेच आहे! स्वर्गातील पिता दुष्टांवर आणि चांगल्यांवर सूर्य उगवितो, असे प्रभूने डोंगरावर सांगितले. सूर्याचा प्रकाश कोणी विकत घेतलेला नाही, त्यावर कोणाची मक्तेदारी नाही, तो दान आहे, हे सांगताना ख्रिस्ती मनुष्याला एक शब्दही उसना घ्यावा लागत नाही, आणि ते पोंगल साजरा करणाऱ्या शेजाऱ्यालाही कळते.

यापुढची पायरी अधिक निसरडी आहे. शब्द खरे असतात, पण त्यांची निवड अशी केलेली असते की ऐकणाऱ्याचा समज खोटा व्हावा. वर सांगितलेल्या योजनेचेच उदाहरण घ्या. जानेवारीत जाहीर झाली तेव्हा तिचे नाव सूर्योदय होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला मोफत वीज हे नाव मिळाले. योजना उपयुक्त आहे यात शंका नाही. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान तीत आहे. परंतु उरलेली रक्कम घरधन्याने भरावयाची किंवा कर्जाने उभी करावयाची असते. तेव्हा मोफत हा शब्द ऐकून जो येतो, त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण हिशेब सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य ठरते. त्याचप्रमाणे वीजजाळ्याला जोडलेली आणि बॅटरी नसलेली सौर यंत्रणा गावची वीज गेली की आपोआप बंद पडते, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका होऊ नये. भारनियमनाला कंटाळून पट्ट्या बसविणाऱ्या गृहस्थाला हे नंतर कळले, तर त्याला काय वाटेल? त्याच्याशी कोणी खोटे बोललेले नसते. पण त्याला फसविलेले असते.

राष्ट्राच्या हिशेबातही हीच गोष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या एकंदर स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी कोळसा-वायूवाचून चालणारी झाली. हे खरे आहे, आणि अभिमानाचे आहे. परंतु क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज नव्हे. सूर्य रात्री नसतो, वारा सदैव वाहत नाही. त्यामुळे २०२४-२५ या वर्षात तयार झालेल्या विजेपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक कोळशापासूनच आली. पहिला आकडा सांगून दुसरा गाळणारा मनुष्य खोटारडा नसेल. पण त्याची साक्ष अपुरी आहे. आपले बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे, ही प्रभूची आज्ञा आकड्यांनाही लागू आहे.

आणि सोयीच्या कारणावर उभे केलेले घर सोय सरली की कोसळते, याचेही उदाहरण आहे. टेक्सासमधील जॉर्जटाऊन या शहराने २०१५ मध्ये सारी वीज वारा व सूर्य यांपासून घेण्याचे ठरविले. तेथील रिपब्लिकन महापौर डेल रॉस उघड सांगत की, हा पर्यावरणाचा प्रश्न नसून जमाखर्चाचा आहे. वीस-पंचवीस वर्षे दर बांधलेला राहील. त्यांचे नाव देशभर झाले. परंतु पुढे बाजारात विजेचा भाव उतरला, शहराने गरजेपेक्षा जास्त वीज करारात बांधून घेतली होती, आणि २०१८ मध्ये नगरपालिकेला लक्षावधी डॉलरचा तोटा सोसावा लागला. ज्या नागरिकांना केवळ पैशाचेच कारण दिले होते, त्यांना आता कोणते कारण द्यावे? महापौरांनी काही असत्य सांगितले नव्हते. पण खरी कारणे अनेक असताना एकाच कारणावर सारा भार टाकला, की ते कारण मोडताच माणूस उघडा पडतो.

मग ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलूच नये काय? तसे नाही. पवित्र शास्त्रात नाथान संदेष्ट्याची गोष्ट आहे. दावीद राजाने उरियाचा घात केला होता. नाथानाने त्याच्यापुढे आरोपपत्र वाचले नाही. मेंढपाळ म्हणून वाढलेल्या त्या राजाला त्याने एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची कथा सांगितली. राजाचा न्यायाचा राग जागा झाला, आणि मग नाथानाने बोट त्याच्याकडेच वळविले. कथा हे दार होते. नाथान दारातच बसून राहिला नाही, तो आत गेला. प्रेषित पौलानेही अथेनैमध्ये तेथल्याच एका वेदीपासून व तेथल्याच कवींपासून आरंभ केला. पण शेवटी त्याने पुनरुत्थानाची गोष्ट सांगितलीच, आणि ती ऐकून काहींनी थट्टा केली. थट्टा टाळावयाची असती, तर दोन वाक्ये आधी थांबणे त्याला सहज शक्य होते. मी सर्वांना सर्व काही झालो असे लिहिणाऱ्या याच पौलाने करिंथकरांस हेही कळविले आहे की, आपण कपटाने चालत नाही, तर सत्य उघड करून प्रत्येकाच्या विवेकापुढे उभे राहतो. ही दोन्ही विधाने एकाच माणसाची आहेत, आणि एकावाचून दुसरे अपुरे आहे.

जो आरंभ ऐकणाऱ्याला सत्याकडे नेतो तो रास्त. जो त्याला सत्यापासून दूर ठेवण्यासाठी योजलेला असतो तो कपटाचा. काटकसरीपासून बोलणे सुरू करावे, पण शेजाऱ्याच्या शेतापर्यंत पोहोचावे. देशाच्या स्वावलंबनापासून सुरू करावे, पण पुढच्या पिढीच्या हवेपर्यंत पोहोचावे. ऐकणारा मधेच उठून गेला, तर तो त्याचा अधिकार आहे.

आणखी एक कसोटी आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. बोलणारा व ऐकणारा यांच्या समेटाची किंमत तेथे हजर नसलेल्या तिसऱ्याला द्यावी लागते काय? यासाठी कुंभकोणमच्याच एका मराठी सुपुत्राच्या काळातील प्रसंग आठवावा. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे झाला. पुढे इंदूर व बडोदा येथे दिवाण झालेल्या या कर्तबगार मनुष्याने प्रथम १८५७ ते १८७२ पर्यंत त्रावणकोरची दिवाणगिरी केली. अत्यंत सनातनी संस्थानात त्यांनी कर्ज फेडले, मक्तेदाऱ्या मोडल्या, शाळा वाढविल्या. रूढिप्रिय दरबाराला सुधारणा कशी पटवावी, याचे त्यांच्याइतके ज्ञान त्या काळी थोड्यांना असेल.

त्यांच्याच कारकिर्दीत नाडार स्त्रियांच्या वस्त्राचा प्रश्न पेटला. या स्त्रियांनी, ज्यांत अनेक ख्रिस्ती होत्या, छाती झाकू नये अशी उच्चवर्णीयांची रूढी होती. ज्या झाकीत, त्यांची वस्त्रे भर बाजारात ओढली गेली, घरे व प्रार्थनामंदिरे जाळली गेली. मिशनऱ्यांच्या तक्रारी आणि मद्रास सरकारचा दाब यांमुळे जुलै १८५९ मध्ये महाराजांनी जाहीरनामा काढला. त्यात अंग झाकण्याची मुभा दिली. पण उच्च जातीच्या स्त्रियांप्रमाणे नव्हे, अशी पुस्तीही जोडली. त्या पुस्तीमुळे सनातनी मंडळींना तो गिळता आला. त्या काळी याहून अधिक मिळणे शक्य होते की नाही, याचा निवाडा आज बसल्या जागी करणे सोपे नाही. परंतु एक गोष्ट दिसते. सुधारणा रुचकर करण्यासाठी जे शब्द घातले गेले, त्यांचा चटका दरबारातील कोणाला बसला नाही. तो त्या स्त्रियांना बसला. लाज झाकण्यास परवानगी मिळाली, आणि तुम्ही त्यांच्या बरोबरीच्या नाही हे त्याच कागदावर लिहून मिळाले.

सौर विजेच्या बोलण्यातही असा तिसरा मनुष्य असतो. घरमालकाला छपराचा हक्क सांगताना भाडेकरूला छप्परच नसते. सिमेंटचा स्लॅब असलेल्याचे बिल शून्यावर येते. झावळ्यांच्या झोपडीत राहणाऱ्या शेतमजुराचे छप्पर पट्टीचा भार पेलीत नाही. मोठ्या सौर प्रकल्पाला पडीक जमीन म्हणून जी दिली जाते, तीवर कोणाच्या तरी शेळ्या चरत असतात. परंपरावाद्याला आवडावे म्हणून बोलण्यातून या माणसांची नावे गाळली, तर पुढे योजनेतूनही ती गळतात. यासाठी सोपा नियम असा धरावा: हे भाषण मी त्या तिसऱ्या मनुष्याला पुढच्या रांगेत बसवून करू शकेन काय? आणि आज गावातील वडीलधाऱ्यांपुढे जे बोललो ते, व उद्या शहरातील तरुणांपुढे जे बोलणार ते, या दोघांना एकत्र बसवून न लाजता बोलता येईल काय? दोन्ही उत्तरे होय असतील, तर शब्द खुशाल बदलावेत.

महाराष्ट्रात याचे बरे उदाहरण आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना राळेगणसिद्धीच्या प्रायोगिक प्रकल्पातून पुढे आली. तिने शेतकऱ्याला पृथ्वीच्या तापमानाचे व्याख्यान दिले नाही. दिवसा वीज देऊ असे सांगितले. रात्री पाणी द्यावयास जाणाऱ्याला सापाचे व बिबट्याचे भय असते, थंडीत चिखलात उभे राहावे लागते. त्याची ती खरी नड होती, आणि सूर्याची वीज दिवसाच मिळते हेही खरेच. येथे वक्त्याचे कारण व श्रोत्याची नड एकमेकांना भेटली. कोणाला वेष बदलावा लागला नाही.

शेवटी शब्दांहून मोठी अशी एक गोष्ट आहे, आणि ती कुंभकोणमच्याच मुलुखातील इतिहास शिकवितो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी दरबारात ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते. हैदर अलीच्या स्वारीत मुलूख उजाड झाला, किल्ल्यात उपासमार सुरू झाली. शेतकऱ्यांकडे धान्य व बैल होते, पण राजाच्या किंवा कंपनीच्या वचनावर ते देण्यास कोणी तयार नव्हता. श्वार्ट्झ यांनी पैसे देण्याची स्वतः हमी घेतली, आणि धान्य आले. पुढे जुलमाने पळून गेलेले रयत लोकही त्यांच्या शब्दावर गावी परतले. एका दिवसात सात हजार माणसे आली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. खुद्द हैदर अलीनेही बोलणी करावयास याच मनुष्याला पाठवा असे कळविले होते. १७९८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांना पित्यासमान मानणाऱ्या सरफोजीराजांनी तंजावरात त्यांचे स्मारक उभारले. त्या शेतकऱ्यांचा धर्म निराळा होता, भाषा निराळी होती. हा मनुष्य हिशेब चुकता करतो, एवढे त्यांना ठाऊक होते. वर्षानुवर्षे सरळ बोललेल्या माणसाचा एक साधा शब्द दहा कुशल युक्तिवादांचे काम करतो. उलट, कुशलतेने एकदा फसलेला समाज पुढच्या खऱ्या माणसावरही विश्वास ठेवीत नाही.

वाचकहो, हा प्रश्न उद्या तुमच्या मंडळीच्या बैठकीतही येईल. कोणी म्हणेल, प्रार्थनामंदिराच्या छपरावर सौर पट्ट्या बसवू या. वडील मंडळी म्हणतील, जुन्या इमारतीला हात लावू नका. कोणी म्हणेल, जग नाहीसे होणारच आहे, मग हा खटाटोप कशाला? त्यांना उडवून लावू नका. त्यांच्या भाषेत बोला. जुने जपणे हीच तर त्यांची इच्छा आहे, आणि एदेन बागेची मशागत व राखण करण्याची आज्ञा हीच मनुष्याला मिळालेली पहिली राखणदारी आहे. परंपरेवर निष्ठा असणारे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्याच कारकिर्दीत, २००८ मध्ये, व्हॅटिकनच्या सभागृहावर सुमारे २,४०० सौर पट्ट्या बसल्या, हेही त्यांना सांगा. पण त्याबरोबर हेही सांगा की, घरासाठीचे सरकारी अनुदान प्रार्थनामंदिराला लागू नाही. पट्ट्या पंचवीस वर्षे टिकल्या तरी त्यांना जोडलेले यंत्र त्याआधी बदलावे लागेल. रविवारी सकाळी वीज गेली तर बॅटरीवाचून पंखा फिरणार नाही. आणि बिल वाचले तर ती रक्कम कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्याच बैठकीत ठरवा, म्हणजे मंडळीतील छप्पर नसलेल्यांचेही नाव त्या ठरावात येईल.

इतके सांगून वडील मंडळी नाही म्हणाली, तर तो नकार घेऊन घरी या. संपूर्ण सत्य ऐकून दिलेला नकार पुढच्या वर्षी होकार होऊ शकतो. अर्धे सत्य ऐकून दिलेला होकार पहिल्याच बिलाबरोबर मोडतो. ऐकणाऱ्याची भाषा शिकणे हे प्रेमाचे काम आहे, कारण त्यासाठी त्याच्याजवळ बसावे लागते. पण जवळ बसलो ते त्याला काही द्यावयास, की त्याच्याकडून काही काढून घ्यावयास, हे आपल्या मनाला आणि आपल्या देवाला आधीच ठाऊक असते.